भिंगरीचे चौतीस फोटो

आधी तो मोबाईल खाली ठेव. पालथा ठेव. मघाशी समोरच्यांची पोरगी पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती, तेव्हा तू तिचे चार-पाच फोटो काढलेस. मी खिडकीतून पाहिलं. तिच्या आईला विचारलंस? नाही ना. "मामा, सहज काढले." अरे, सगळे सहजच काढतात. त्या स्माइलनंही सहजच काढले होते.

दिवा राहू दे बंद, डोळ्यांना लागतो. ज्याला पाणी प्यायचंय, आत जाऊन यायचंय, त्यानं आत्ताच उरकून घ्या. नंतर एकटं जायला कुणी तयार होत नाही आणि मला सोबतीला उठवता. माझे गुडघे आता त्या कामाचे राहिले नाहीत. आणि मधे मधे "मग काय झालं, मग काय झालं" करायचं नाही. जे झालं ते मी सांगणारच आहे.

स्टँडजवळचं आपलं फ्रेमचं दुकान आता तुमचा दादा बघतो, पण गेल्या वर्षीपर्यंत गल्ल्यावर मीच असायचो. स्माइल माझा मित्र. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याचा फोटो स्टुडिओ होता. खरं नाव सांगणार नाही, माणूस अजून जिवंत आहे. दिवसभर पासपोर्टचे आणि ओळखपत्राचे फोटो काढायचा. हनुवटी वर, कान दिसू द्या, हसू नका. पंचवीस वर्षं "हसू नका, हसू नका" म्हणणाऱ्या माणसाला सगळं गाव स्माइल म्हणायचं. तोही चिडायचा नाही. मनानं वाईट नव्हता तो. तेच तर सांगतोय.

स्टुडिओ खाली, आणि त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्याचं घर. लग्न केलं नव्हतं. समोरच्या दारात एक नर्स राहायची आणि तिची मुलगी, साडेचार वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी ठरायची नाही. नर्सची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. कधी अडचण आली की ती भिंगरीला स्माइलकडे सोडायची. त्याला दादा म्हणायची ती, आणि नुसतं तोंडदेखलं नाही. घराची एक किल्ली त्याच्याकडे असायची.

तिची एकच अट होती. भिंगरीचा फोटो काढायचा नाही. फोटोवाल्याच्या शेजारी राहून ही अट, म्हणजे हलवायाच्या शेजारी राहून गोड वर्ज्य. स्माइल एकदा हसत हसत म्हणाला तसं. तेव्हा तिनं सांगितलं. भिंगरीच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. त्याचे तिनं ढीगभर फोटो काढले, तीन अल्बम भरले. मूल दोन वर्षांचं होऊन गेलं आणि अल्बम राहिले. "फोटो राहतात आणि माणूस जातं, दादा. मला या वेळी माणूस हवंय," असं म्हणाली. खुळचट वाटलं असेल त्याला. मलाही वाटलं असतं. पण आईची अट ती आईची अट. तिनं स्वतःच्या मोबाईलमध्येसुद्धा पोरीचा एक फोटो ठेवला नव्हता. शाळेत घालायची वेळ अजून आली नव्हती, त्यामुळे कुठल्या फॉर्मला लावायलाही कधी लागला नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी नर्सला अचानक दोन तासांची जादा ड्यूटी लागली. ती भिंगरीला घेऊन स्टुडिओत आली, बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, सहापर्यंत येते. स्माइलला गिऱ्हाईक नव्हतं. त्याच्याकडे एक गोल फिरणारं स्टूल होतं, लहान मुलांसाठी त्यावर तो निळी उशी ठेवायचा. भिंगरी त्या उशीवर बसून गरागरा फिरत होती. स्टूल किर्र किर्र वाजत होतं. फिरता फिरता ती दमली, थांबली, आणि पुढचं सगळं अजून फिरतंय असं वाटून मान कलती करून स्वतःशीच हसली.

स्माइलनं मला नंतर सांगितलं, पंचवीस वर्षांत असं तोंड माझ्या पडद्यासमोर आलं नव्हतं रे. खिडकीतून उन्हाची तिरीप नेमकी गालावर. त्याचा हात कॅमेऱ्याकडे गेला. एक काढला. मग काय, दोन, चार, दहा. भिंगरीनं कॅमेरा हातात मागितला, त्यानं दाखवला. कॅमेऱ्याच्या कुशीत एक झाकण असतं, त्यात कार्ड घालतात. त्याच्या कॅमेऱ्यात दोन कार्डं बसायची. लग्नाकार्यात एखादं कार्ड दगा देतं, म्हणून काढलेला प्रत्येक फोटो दोन्हीवर उमटतो. त्यानं पोरीला समजावलं, हा पहिला खिसा आणि हा दुसरा खिसा. इकडचं हरवलं तरी तिकडे असतं. तिला ते फार आवडलं. मग पुन्हा फोटो. मोजून चौतीस.

आणि चौतिसाव्याला नर्स दारात उभी.

ओरडली नाही ती. नुसती म्हणाली, "पुसा, दादा. माझ्यासमोर पुसा." स्माइल ओशाळला. तिच्या शेजारी उभा राहून, कॅमेऱ्याचा मागचा पडदा तिला दाखवत, त्यानं एक एक फोटो पुसला. चौतीसच्या चौतीस. शेवटी पडद्यावर अक्षरं आली, फोटो नाहीत. तिचा चेहरा निवळला. उलट तीच म्हणाली, रागावू नका हं माझ्यावर.

तो पहिला खिसा होता.

आईच्या मागून भिंगरी त्याच्याकडे बघत होती. तिला ठाऊक होतं. साडेचार वर्षांची असली तरी तिला बरोबर ठाऊक होतं. स्माइलनं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळा मिचकावला. पोरीनंही ओठांवर बोट ठेवलं. म्हणजे बघा, पोरीला तिच्याच आईशी खोटं बोलायला यानं शिकवलं. मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर त्याचा.

त्यानंतर भिंगरी आली की हळूच विचारायची, काका, आईला कधी दाखवायचे? तो म्हणायचा, उद्या. तिनं विचारायचं, यानं उद्या म्हणायचं.

बरं, कार्ड कपाटात ठेवून गप्प बसावं की नाही? पण पंचवीस वर्षांत एक फोटो मनासारखा निघाला, तो कपाटात कसा राहणार? जूनच्या शेवटी तो माझ्याकडे आला. तुम्ही फ्रेम विकत घेता तेव्हा तिच्यात आधीच कुणाचा तरी फोटो असतो ना, गोरंगोमटं हसरं कुटुंब वगैरे? त्याला आम्ही नमुना म्हणतो. स्माइल म्हणाला, तुझे नमुने सगळे फिके पडलेत, हा घाल. मी बघितला आणि बघतच राहिलो. मी विचारलं, अगदी स्वच्छ विचारलं, पोरगी कुणाची? घरच्यांना चालेल का? तो म्हणाला, शेजारणीची. तिची परवानगी आहे, खूश आहे ती. मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. मित्र होता. त्यानं ऐंशी प्रती छापून दिल्या, मी त्या ऐंशी फ्रेममध्ये घातल्या आणि वीसेक भिंतीवर लावल्या. लोक थांबून बघायचे. महिन्याभरात अर्ध्याहून जास्त फ्रेम गेल्या. नर्सचं रुग्णालय दुसऱ्या दिशेला, ती कधी स्टँडकडे फिरकायची नाही. मी तर तिला पाहिलंही नव्हतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला भिंगरीला ताप आला. तिसऱ्या दिवशी ती गेली. आई ज्या वॉर्डात दुसऱ्यांची मुलं बरी करत होती, त्याच वॉर्डात.

(पाणी दे रे जरा.)

दहा-बारा दिवसांनी, बुधवारी संध्याकाळी, नर्स स्माइलच्या दारात आली. आत या म्हटलं तर आली नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाली, "दादा, त्या दिवशी मी तुम्हाला फोटो पुसायला लावले. माझं चुकलं. पुसलेलं परत आणता येतं म्हणतात. चौतीस नकोत मला. एक आणा. पाठमोरा असला तरी चालेल. मला आत्ताच तिचं नाक नीट आठवेनासं झालंय."

विचार करा. कपाटात कार्ड आहे. चौतीस फोटो आहेत. उठायचं, कपाट उघडायचं, पाय धरायचे आणि द्यायचं. पण मग सांगावं लागणार होतं की तुझ्या डोळ्यांदेखत पुसले ते नाटक होतं. आणि तुझी मुलगी स्टँडजवळच्या दुकानात टांगलेली आहे, गावातल्या पन्नास घरांत गेलेली आहे. एक खोटं लपवायला शंभर खोटी लागतात म्हणतात. याला एकच लागलं. तो म्हणाला, "पुसलं ते पुसलं, ताई. येत नाही परत."

तिनं मान हलवली. त्रास दिला म्हणून माफी मागितली आणि गेली.

गुरुवारी तो माझ्या दुकानात. म्हणाला, ते नमुने काढ, रंग उडालाय, नवे देतो. उरलेल्या सगळ्या फ्रेममधून कागद काढून घेतले. वर चहा पिऊन गेला. मला पोरगी गेल्याचंही त्यानं सांगितलं नाही. घरी जाऊन सगळे कागद फाडले.

शुक्रवारी रात्री तो कार्डाचा निकाल लावायला खाली स्टुडिओत गेला. ऑगस्टचा तिसरा शुक्रवार. अकरा वाजून दहा मिनिटं. कॉम्प्युटर लावला की कोपऱ्यात वेळ दिसते, म्हणून त्याच्या पक्कं लक्षात होतं. शटर अर्धं ओढलेलं. रस्त्यावर कुणी नाही. आता पुढचं सगळं त्यानं मला सांगितलेलं आहे, मी माझ्या पदरचं काही घालत नाही.

कार्ड कॉम्प्युटरला लावलं. म्हणाला, एकदा बघू आणि मग मोडू. एक एक फोटो बघत गेला. फिरणारी, दमलेली, मान कलती केलेली. चौतिसाव्या फोटोत ती दाराकडे बघत होती. आई आली म्हणून.

त्यानं कार्ड काढलं. टेबलावर पासपोर्ट फोटो कापायचं कटर होतं, लांब पात्याचं. पातं वर केलं. कार्ड खाली धरलं.

मागे स्टूल वाजलं.

किर्र...

त्याला वाटलं वारा. पण बाहेर पानसुद्धा हलत नव्हतं, खिडकी बंद. वारा कुठून येणार.

किर्र... किर्र...

हळू. ती फिरायची तसं गरागरा नाही. कुणीतरी पाय खाली टेकायला बघतंय आणि पोचत नाहीत, तसं.

त्यानं मागे पाहिलं नाही. समोर कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला होता. त्यात मागची खोली दिसली असती. त्यानं डोळे मिटून घेतले.

"काका..."

...

"काका, आईला दे ना."

आवाज तिचाच. रडका नाही. रोज विचारायची तसाच.

आणि बाळांनो, स्माइल काय म्हणाला माहीत आहे? घाबरून असेल, सवयीनं असेल. तोंडातून निघून गेलं.

"उद्या."

स्टूल थांबलं.

सगळं थांबलं. रस्त्यावरच्या कुत्र्याचं भुंकणंसुद्धा.

त्यानं पातं खाली दाबलं. कच्च. कार्डाचे दोन तुकडे झाले.

मागे उशीचा आवाज आला. फुस्स... असा. कुणी उठलं की येतो तसा. मग पावलं. अनवाणी. छोटी. शटरखालून बाहेर. जिन्याकडे.

तो तसाच उभा.  मग तुकडे मुठीत घेतले, शटर ओढलं, आणि जिना चढायला लागला. दुसरा इलाज नव्हता, घर वरच होतं. पहिला मजला. दुसरा. कुणी नाही.

तिसऱ्या मजल्यावर नर्सचं दार सताड उघडं. ती दारात उभी. केस मोकळे, झोपेतून उठलेली.

"दादा," ती म्हणाली, "भिंगरी आली होती."

...

"आत्ता. माझ्या पलंगाशी. म्हणाली, फोटो काकांकडे आहेत. दुसऱ्या खिशात. कसला खिसा हो, दादा?"

स्माइलनं मूठ आणखी आवळली.

"काही आहे का तुमच्याकडे? खरं सांगा."

"नाही," तो म्हणाला.

तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्याच्या मुठीकडे. मूठ घट्ट मिटलेली होती आणि बोटांच्या फटीतून तुटक्या कार्डाचं टोक दिसत होतं.   मग आत गेली आणि दार लावलं. आपटलं नाही. कडी लावल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत तिनं ती कधी लावली नव्हती, त्याच्याकडे किल्ली होती म्हणून.

शनिवारी सकाळी मी दुकान उघडायच्या आत तो पायरीवर येऊन बसला होता. सगळं ओकला. मी त्याला काय काय बोललो ते तुमच्यासमोर सांगण्यासारखं नाही. मलाही त्यानं फसवलं होतं. त्या पोरीला माझ्याच हातांनी मी खिळ्यांना टांगलं होतं. त्याला म्हटलं, माझ्या पायरीवरून ऊठ. त्यानंतर मी त्याच्याशी एक शब्द बोललेलो नाही. तो स्टुडिओ विकून गेला. कुठे, ते मी विचारलं नाही.

पण तो उठून गेल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विकलेल्या फ्रेम! लोक काय करतात, ठाऊक आहे? नमुना काढून फेकत नाहीत. स्वतःचा फोटो त्याच्याच पुढे सरकवतात. मागे तो कागद तसाच राहतो, वर्षानुवर्षं. मी हजारदा काच बदलायला फ्रेम उघडल्यात आणि मागे नमुना पाहिलाय. म्हणजे गावातल्या पन्नास घरांत, लोकांच्या लग्नांच्या आणि सहलींच्या फोटोंमागे, भिंगरी बसलेली होती. त्या बाईला एक हवा होता, मी पन्नास देऊ शकत होतो. मी स्कूटर काढली. किती दिवसांनी मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू.

पहिला गेलो समोरच्या न्हाव्याकडे. त्यानं भिंतीवर दोन फ्रेम लावल्या होत्या. म्हटलं, जरा काच बघतो, सैल वाटते. मागची पट्टी काढली, त्याच्या पोरांचा फोटो बाजूला केला. मागे आपला नमुना होताच.

निळा पडदा होता. खिडकीची तिरीप होती. गोल स्टूल होतं. कोपऱ्यात मी स्वतः मारलेला फ्रेमच्या मापाचा शिक्का होता.

स्टुलावर कुणी नव्हतं.

मी चष्मा पुसला. दुसरी फ्रेम उघडली. तसंच. दातांच्या डॉक्टरकडे गेलो, तिथून शिंप्याकडे, मग एका मास्तरणीकडे. संध्याकाळपर्यंत अकरा फ्रेम उघडल्या. अकराही कागद तेच. स्टूल. उशी. आणि उशीवर बरोबर मधोमध खळगा, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखा.

उठून गेली होती पोरगी. सगळीकडून. आपल्याला जिथं विचारल्याशिवाय बसवलं, तिथून.

मास्तरणीकडचा तो कागद मी मागून घेतला. रविवारी नर्सकडे गेलो. स्वतःची ओळख सांगितली, माझा दोष सांगितला, सगळं सांगितलं. कागद पुढे केला. मला वाटलं, ती तोंडावर फेकेल, आणि फेकला असता तर बरंच झालं असतं. तिनं तो खिडकीशी नेला. खूप वेळ बघितला. मग त्या खळग्यावर बोट ठेवलं.

"इथं बसली होती," म्हणाली. "फ्रेम करून द्या मला."

मी करून दिली. माझ्याकडची सगळ्यात चांगली लाकडी पट्टी वापरली. तिच्या पलंगासमोर टांगली. आणि मोबाईलवाल्या, तू उद्या सकाळी समोरच्या पोरीच्या आईला जाऊन विचारून ये, समजलं? आणि ती बाई नाही म्हणाली तर पूस. कुठे कुठे उमटलेत ते बघून पूस.

मी गेल्या महिन्यात नर्सकडे गेलो होतो. काच तडकली होती, बदलायला बोलावलं तिनं. मी फ्रेम खाली घेतली, कागद बाहेर काढला, आणि ती म्हणाली, नीट बघा हो, मला भास होतोय का. तुम्हाला माहीत आहे, आपण उठलो की उशी लगेच फुगत नाही. हळूहळू वर येते. मी कागद उजेडात धरला. स्टूल तेच, तिरीप तीच, माझा शिक्काही तोच.

खळगा निम्माच उरलाय.